शरदचे रेस्ट डे

शरद गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर, जुनी गादी टाकायला रांगेत गाडी लावून बसलो होतो. त्याला आता सहा आठवडे झाले. त्याची बायको, शैलावहिनी, कॉव्हेंट्रीहून जेमतेम दोन वाक्यं बोलल्या, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता त्याला विचारायचं राहिलंच...

तीस वर्षांची दोस्ती आमची. रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून कैरो ते केपटाउन सायकलने जायचं ठरवलं. मोठा ग्रुप, तंबू, सामानाला ट्रक, आचारी, सगळं होतं. वर्षभर सराव केला, कधी त्याच्या गावी, कधी माझ्या. आणि निघायला तीन आठवडे असताना मी गुडघ्याचं निमित्त करून अंग काढून घेतलं. गुडघा ठणठणीत होता, माझी घाबरगुंडी उडाली होती. शरद एवढंच म्हणाला, "बरं, जप." पुढे त्या विषयावर चकार शब्द नाही. त्याने मला ओळखलं होतं का, हे मला जाणून घ्यायचं होतं.

तो माझ्याशिवाय गेला. टूरवर पाच-सहा दिवस सायकल, मग एक रेस्ट डे, विश्रांतीचा. त्या दुपारी त्याचा फोन हमखास यायचा. मी अधाशासारखा विचारायचो, चढ केवढे, ऊन किती, जनावरं दिसली का. आणि हा पठ्ठ्या सांगायचा काय, तर मोजे वाळत घातलेत. चार अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं, मग अजून एक तेवढंच. टांझानियात म्हणे न्हाव्याच्या खुर्चीतच झोपला, तर त्या भल्या माणसाने याला न उठवता पुढच्या गिऱ्हाइकाची दाढी स्टुलावर बसवून केली. इथे इंग्लंडात रविवारीसुद्धा शेड नाहीतर कुंपण दुरुस्त करत बसणारा हा माणूस तिकडे लोळण्यात तरबेज कसा झाला, याचं मला भारी कुतूहल.

भाजणीचा किस्सा तर अजून आठवतो. वहिनींनी थालीपिठाची भाजणी दिली होती, पिशवीवर मराठीत नाव घालून. इथिओपियात हा झोपलेला असताना आचाऱ्याने ती पॉरिज समजून दुधात शिजवली.

"अरे, सगळे गोरे 'लव्हली, थँक यू' म्हणत धण्या-जिऱ्याची लापशी खातायत! एकानेही तोंड वाकडं केलं नाही. शैलाला सांगू नकोस, मला आवडली."

पण रस्त्याबद्दल अवाक्षर नाही. परत आल्यावरही तेच. कसं होतं विचारलं की, "मस्त झोपलो." मला वाटायचं, मनात राग धरलाय. विचारायचा धीर झाला नाही, आणि चार वर्षं अशीच गेली.

मागच्या शनिवारी कॉव्हेंट्रीला गेलो. वहिनी चहा करत होत्या. मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "वहिनी, माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं."

"माहितीये की, भाऊजी," त्या चहा गाळत म्हणाल्या. "ह्यांनाही माहीत होतं. त्याच वीकेंडला तुम्ही आमचा वॉर्डरोब जिन्यावरून वर चढवलात ना!"

हसू आलं आणि लाजही वाटली. "मग रस्त्यावरचं मला कधीच का सांगितलं नाही त्याने?"

"मीही म्हटलं होतं, भाऊजींना ऐकायचं असतं, सांगा की. तर म्हणाले, 'सायकल चालवताना तो बरोबर नाही हे सारखं जाणवतं गं. ते ऐकून त्यालाही लागेल. रेस्ट डेला कुणीच सायकल चालवत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं सारखे.'"

पुढच्या खोलीत खिडकीशी एक आरामखुर्ची आहे, टूरवरून आल्यावर त्याने घेतलेली. वहिनी म्हणाल्या, "बसा तिथे, सहा आठवड्यांत कुणी बसलं नाही." बसलो. समोर ओला रस्ता, एक बाई कुत्रं फिरवत होती. काहीच केलं नाही मी. परतीच्या ट्रेनची वेळ झाली, टळून गेली, तरी उठलो नाही.