पुढच्या रांगेतलं जेवण

विमानात पुढच्या वर्गात काय काय खायला देतात, हे मला नागभीडच्या बाजारात चार जणांनी तरी विचारलं. मी कुठे फिरून आलो की लिहितो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हाही प्रवास लिहितो आहे. वाचून कोणाची भूक मेली, तर त्याला माझा इलाज नाही.

निघालो दिल्लीहून, सकाळी. माझा धाकटा भाऊ दिनेश माझ्याच विमानात होता, पण खाली, सामानाच्या जागेत, पेटीत. विमानांसाठी जेवण रांधणाऱ्या एका मोठ्या स्वयंपाकघरात तो गोड पदार्थ करायचा. दोन दिवस आधी पाळी संपवून खोलीवर आला, झोपला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पाठीवर धानाचं पोतं घेऊन बांधीच्या (भातखाचराच्या) धुऱ्यावरून पळणारा पोरगा! मला अजून राग येतो. कोणावर, ते मात्र कळत नाही.

त्याला आणायला निघालो तेव्हा आईने दारातच बजावलं होतं, "त्याले आग लागेपर्यंत तोंडात अन्न घालू नोको बाबू. पानी पे फक्त." आमच्याकडे मयत झाली की घरात चूल पेटत नाही. अग्नी देऊन आल्यावर कडुनिंबाचा पाला चावायचा आणि मग सोयऱ्यांनी आणलेला कडू घास (मर्तिकानंतरचं पहिलं, बिनफोडणीचं जेवण) त्यांच्याच हातून खायचा. तोवर काही नाही. दिल्लीपर्यंतचा रेल्वेचा सगळा प्रवास मी पाण्यावर काढला होता.

लग्नसराईमुळे मागच्या जागा भरलेल्या होत्या. स्वयंपाकघराच्या ठेकेदाराने पुढची उरलेली एक जागा काढून दिली. दिनेश फोनवर नेहमी म्हणायचा, "दादा, एक डाव तुले समोरच्या खुर्चीत बसवतो. माह्या हातचा हलवा खाऊन पाह्य." बसवलं पठ्ठ्याने.

त्याच्या खोलीत राहणारा वडशाचा गिरीश विमानतळावर सोडायला आला होता. तोही त्याच स्वयंपाकघरातला. मी आत जायला निघालो, तसा माझा हात धरून म्हणाला, "दादा, या इमानाचं जेवन आपल्याच किचनमधून जाते. आजचा मुगाचा हलवा परवाच्या पाळीतला हाय. दिन्यानंच घोटला." मग डोळे पुसत निघून गेला. त्याने हे सांगायला नको होतं असं आधी वाटलं, आणि मग वाटलं, न सांगता तरी कसा राहिला असता.

खुर्ची आमच्या घरच्या दिवाणाएवढी होती. बसल्या बसल्या कपाळाला टिकली लावलेली एक हसरी मुलगी चिमट्याने गरम, ओला रुमाल घेऊन आली. मग पुदिन्याचं पान टाकलेलं नारळपाणी आणलं. मी साधं पाणी मागितलं. शेजारी एक गलेलठ्ठ गृहस्थ होते. ताडोब्याला वाघ बघायला चालले होते. त्यांनी माझ्या दाढीकडे आणि चुरगळलेल्या सदऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पाय लांब केले.

विमान वर गेलं आणि जेवण आलं. पांढरं कापड अंथरलेला ट्रे, खऱ्या काचेचे पेले, जड सुरी-काटे. पनीर, पुलाव, इवलासा पाव, त्याहून इवलंसं लोणी. कोपऱ्यात पांढऱ्या वाटीत हलवा, वर बदामाचे काप. तुपाचा वास आला.

"नको," मी म्हणालो.

"सर, ये कॉम्प्लिमेंटरी है. इसका अलग से पैसा नहीं लगता," मुलगी हळू आवाजात म्हणाली. मला हे ठाऊक नसेल असं तिला वाटलं. मला हसू आलं नाही, पण राग मात्र आला. मी पुन्हा नको म्हणालो, तरी ती ट्रे ठेवून गेली. सेवा उत्तम होती, हे नमूद करतो.

मी त्या वाटीकडे बघत राहिलो. दिनेशच्या हातचं आता जगात दुसरं काही उरलं नव्हतं. पण आईला शब्द दिला होता. मुलगी परत आली तेव्हा मी वाटी दाखवून विचारलं, "ये मैं घर ले जा सकता हूँ? मेरी माँ के लिए."

"सॉरी सर. खाना बाहर ले जाना अलाउड नहीं है."

शेजारच्यांनी हलव्याचे दोन चमचे खाल्ले आणि वाटी दूर सारली. "कितना मीठा! इनके किचन में एक भी ढंग का आदमी नहीं है."

"था," मी म्हणालो.

"जी?"

"मेरा भाई था. ये उसी ने बनाया है. अब नीचे है, बक्से में."

गृहस्थांचा चेहरा उतरला. ते काहीतरी सांत्वन करतील असं मला वाटलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मुलीला बोलावून कुजबुजत विचारलं, प्रवाशांच्या विमानातून असं न्यायला परवानगी असते का? आणि दुसरी जागा मिळेल का? जागा नव्हती. त्यांनी नाकाला रुमाल लावला. या माणसाला वाघ दिसू नये, एवढीच मी प्रार्थना केली.

उतरायच्या आधी मुलीने ट्रे उचलले. माझी भरलेली वाटी आणि त्यांची उष्टी वाटी एकाच कप्प्यात गेली.

नागपूरहून गाडी केली. उमरेड, भिवापूर मागे पडलं. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवंगार वर आलं होतं, बोडीच्या (शेततळ्याच्या) काठाला बगळे बसले होते. या रस्त्यावर दिनेश नेहमी चहाला थांबायचा. ड्रायव्हरने विचारलं, मी नको म्हणालो.

सूर्य मावळायच्या आत अग्नी दिला. घरी आलो, आंघोळ केली, पाला चावला. मामांनी वरण-भात आणला होता. ते घास कालवत असताना आईने विचारलं, "इमानात का देल्लं गा खाले?"

मी सगळं सांगितलं. रुमाल, पनीर, पाव. हलवा दिनेशने केलेला होता, तेही सांगितलं. आई सावरून बसली.

"आनला काऊन नाई?"

"आनू देत नाई म्हने."

"मंग खाल्ला तं असन?"

"तूच सांगतलं होतं ना आई, अन्न तोंडात घालू नोको."

आई म्हणाली, "मी अन्नाचं सांगतलं होतं रे. हे तं दिन्याच्या हातचं होतं."

मामांनी घास पुढे केला. मी तोंड उघडलं.

आता बाजारात कोणी विचारलं, विमानातलं जेवण कसं होतं, तर चांगलं होतं म्हणतो. दिनेशने केलं होतं, वाईट कसं असेल.