धप्पकाका आणि गोठलेला रनवे

हिवाळ्यात धप्पकाकांनी विमान उतरवलं की मागे बसलेल्यांचे दात एकमेकांवर आपटायचे. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या मराठी पोरांनी उगीच नाही त्यांना हे नाव ठेवलं. विमान थांबलं की काका स्वतः दाराशी उभे राहायचे आणि लोकांची नाराजी हसत हसत अंगावर घ्यायचे. एकदा एका आजीबाईंनी काळजीने विचारलं, "आपण कशाला धडकलो का?" काका म्हणाले, "हो आजी, रनवेला. आणि जिथे धडकायचं ठरवलं होतं ना, अगदी तिथेच." आजीबाईंनी त्यांचा दंड थोपटला आणि जिना उतरल्या.

मी त्यांची सहवैमानिक. वेलिंग्टनहून दक्षिणेकडच्या छोट्या गावांना जाणारी पंख्यांची विमानं आम्ही चालवायचो. माझं लँडिंग म्हणजे नुसतं लोणी, असा माझा समज होता. लोक टाळ्याबिळ्या वाजवायचे, मी आपली फुशारायचे. मग आला पहिला हिवाळा. रनवेवर गोठलेल्या दंवाचा पातळ थर, आणि मी विमान अलगद टेकवायच्या नादात नुसती तरंगत पुढे चाललेली. शेजारून काका शांतपणे म्हणाले, "गो अराउंड." म्हणजे उतरू नकोस, पुन्हा वर जा. गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी उतरवलं. धप्प.

त्या संध्याकाळी मी चांगलीच फुगून बसले होते. काका मला घरी जेवायला घेऊन गेले. काकूंनी नुकतीच फरशी पुसली होती. काका दारातच थांबले आणि म्हणाले, "आता इथून पलीकडे कशी जाशील?"

"जपून."

"म्हणजे कशी? चवड्यांवर?"

"छे, पाय सपाट टाकून. दाबून."

"मग चाकांना कशाला चवड्यांवर नाचवतेस, बाई? अलगद टेकली की ती नुसती घसरत जातात. वजन पडू दे त्यांच्यावर, म्हणजे ब्रेक लागतील. मऊ लँडिंगची हौस उन्हाळ्यात फेडून घे."

आतून काकूंनी सांगितलं, धडे नंतर द्या, आधी बूट काढा.

काकांच्या पिशवीची गंमत तर विचारूच नका. तासाभराच्या उड्डाणाला निघालेला हा माणूस दोघांना पुरतील एवढ्या दशम्या, चटणी, इस्त्रीचा शर्ट आणि दात घासायचा ब्रश घेऊन यायचा. मला हसू आवरायचं नाही. "परत फिरायची तयारी घरूनच करून निघावी," ते म्हणायचे. "ज्याला काहीही करून आजच पोहोचायचंय, तो नको तिथे विमान टेकवतो." आणि एकदा का विमानाचं दार लागलं की मराठी बंद. मघाशी ‘अगं’ म्हणणारा माणूस एकदम परका होऊन मला ‘फर्स्ट ऑफिसर’ म्हणायला लागायचा. इंजिनं थांबली की पुन्हा, "भूक लागली का गं?"

गेल्या हिवाळ्यात काकांच्या डोळ्यांनी कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी काही म्हणायच्या आधीच त्यांनी विमान चालवणं थांबवलं. महिनाअखेरपर्यंत फक्त परीक्षक म्हणून कॉकपिटमध्ये मागच्या सीटवर बसायचं, मग निवृत्ती. नेमकी त्याच महिन्यात माझी कॅप्टनची परीक्षा आली. आधी दोनदा पुढे ढकललेली. या वेळी हुकली असती तर मी पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि तिकडे पापाकुरात आईने अर्ध्या गावाला बातमी सांगून ठेवलेली. तुम्ही म्हणाल, परीक्षक घरचाच आहे की. कसलं काय! काकांनी आठवडाभर आधीपासून माझ्याशी बोलणंच टाकलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "तुला नापास करायची वेळ आली तर हात कचरायला नको, म्हणून." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

परीक्षेच्या सकाळी आकाश स्वच्छ होतं, म्हणजे जमीन कडकडीत गोठलेली. विमानात चढताना एका माओरी गृहस्थांनी मला सांगितलं की ते आजीच्या तांगीला, म्हणजे अंत्यविधीला, निघालेत, दुपारी दफन आहे, वेळेवर पोहोचवा. मी हो म्हटलं. उतरायला सुरुवात केली तेव्हा टॉवरने सांगितलं होतं, रनवेवर ब्रेक मध्यम लागताहेत. तेवढं चालतं. रनवे समोर आला, उन्हात नुसता चकाकत होता, आणि तेवढ्यात टॉवरचा आवाज आला की आत्ताच रनवेवर गाडी फिरवून पाहिली, ब्रेक वाईट लागताहेत.

शेजारी दुसरा वैमानिक, मागे काका बसलेले. वळून बघायची सोय नाही, आणि बघून ते काही सांगणारही नव्हते. माझ्या मनात त्या गृहस्थांची आजी आली, आई आली, ती रांग आली. "गो अराउंड," मी म्हटलं आणि विमान वर घेतलं. मग इंधन परवडेल तेवढा वेळ घिरट्या घातल्या. रनवे काही सुधारेना. शेवटी वळून क्राइस्टचर्चला गेले. तिथे उतरवलं. 

दाराशी मी स्वतः उभी राहिले. लोकांनी ऐकवायचं ते ऐकवलं. माओरी गृहस्थ सगळ्यात शेवटी आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "आजी आता कुठे जात नाही, पोरी. घरी फोन करतो, थांबतील सगळे." हे ऐकल्यावर मात्र माझे डोळे भरून आले.

रिकाम्या विमानात काकांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. "अभिनंदन, कॅप्टन. खा आधी."

"पण काका, मी उतरवलंच नाही."

"तुला उतरवता येतं हे मला केव्हाच ठाऊक आहे. ते बघायला मी आलो नव्हतो."

दुपारी ऊन चढलं, तिकडच्या रनवेवरचं दंव वितळून तो नुसता ओला राहिला आणि आम्ही त्याच लोकांना घेऊन पुन्हा निघालो. काका कॉकपिटमध्ये आले नाहीत. "माझं काम झालं, मी मागे बसतो," म्हणाले. मी विमान ठरल्या जागी दाबून टेकवलं, पंख्यांची पाती उलटी वळवली, सरळ रेषेत थांबवलं. गृहस्थांचे भाऊबंद गाडी घेऊन बाहेर उभे होते. त्यांनी जाताना हात केला. सगळे उतरले, पण काका काही येईनात. जाऊन बघते तर खिडकीशी पट्टा बांधून, तोंड उघडं टाकून स्वारी गाढ झोपलेली. एवढा धक्का बसला तरी जाग नाही.

मला हसूच फुटलं. तिथूनच काकूंना फोन लावला. पास झाले म्हणून सांगितलं, आणि म्हटलं, "तुमचे यजमान इथे घोरताहेत."

काकूंनी दोनदा विचारलं, खरंच झोपलेत? मग म्हणाल्या, "अगं, आम्ही एवढ्या वेळा भारतात गेलो, आलो. विमान दुसरं कुणी उतरवत असताना हा माणूस माझ्या शेजारी एकदाही झोपलेला नाही."

मी काकांना उठवलं नाही. पलीकडच्या सीटवर बसून राहिले.