घशाची तारीख

मावशीचा चेहरा आमच्या गावात फार थोड्यांना माहीत आहे. आवाज मात्र झोपेतून उठवलं तरी कोणीही ओळखेल. बसस्टँडवर बावीस वर्षं ती गाड्या पुकारते. चौकशीच्या खिडकीमागे एक अरुंद खोली आहे, तिच्यात टेबल, वेळापत्रकाचा पुठ्ठा, उंच मानेचा माईक आणि वाऱ्यापेक्षा खडखड जास्त करणारा पंखा. तिथे बसून ती रोज सकाळी सहा ते दुपारी दोन माणसांना योग्य गाडीत बसवते. ड्रायव्हर-कंडक्टर तिला भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तीही ऐकून घेते. भोंगा निदान वेळेवर वाजतो, गाड्यांचं तसं नाही, असं तिचं उत्तर ठरलेलं.

हा आवाज बसला. सर्दी नाही, ताप नाही, एक दिवस सकाळी उठली तर घशात वाळू. पहिला आठवडा गरम पाण्यात गेला, दुसरा वाफेत, तिसरा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांत. चौथ्या आठवड्यात त्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिणं थांबवलं आणि मोठ्या इस्पितळातल्या घशाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. आतून दुर्बीण घालून बघायला हवं, म्हणाले. बहुतेक काही नसेल, पण असलंच काही तर एकेका आठवड्याला किंमत आहे. नेमकं काय असेल तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. आम्हीही उच्चारला नाही. तो शब्द त्या दिवसापासून आमच्या घरात येऊन बसला होता, आणि कोणी त्याला पाणीसुद्धा विचारत नव्हतं.

घरात माणसं तीन. मावशी, काका आणि मी. काका टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करतात आणि दिवसभर मुक्या पाकिटांशी गाठ पडल्यामुळे की काय, घरी आल्यावर अखंड बोलतात. मावशीचा आवाज बसल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात जाहीर केलं की लग्नाला एवढी वर्षं झाली, पण संसारात त्यांना बोलायला जागा आत्ता मिळाली. मावशीने त्यांना उशी फेकून मारली. चिठ्ठी आली त्या दिवसापासून मात्र ते जेवताना नुसतं ताटाकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे राहून नोकरी शोधत होतो. म्हणजे घरात बिनकामाचा मी एकटाच, तेव्हा डॉक्टरांची वेळ मिळवण्याचं खातं आपसूक माझ्याकडे आलं.

मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. इस्पितळाची घशाच्या विभागाची फोनची लाइन सकाळी आठला उघडते आणि त्या दिवसाच्या तारखा साडेआठच्या आत संपतात. पहिल्या दिवशी मी आठ वाजून दोन मिनिटांनी फोन लावला तर लाइन व्यस्त. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला लावला तर व्यस्त. तिसऱ्या दिवशी आठला दहा सेकंद कमी असताना लावला. एका यंत्रातल्या बाईने सांगितलं की कार्यालय अद्याप उघडलेलं नाही, आणि ते सांगेपर्यंत आठ वाजून गेले. चौथ्या दिवशी लागला. इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पेशंटला द्या. मी म्हणालो, पेशंट कामावर आहे. त्या म्हणाल्या, मग पेशंट असेल तेव्हा करा. लक्षणं आम्ही पेशंटच्या तोंडूनच घेतो, भाचे-पुतणे काहीही वाढवून सांगतात. हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी आठ आठवडे सांगितले होते.

म्हणून पाचव्या दिवशी मी पावणेआठलाच मावशीच्या खोलीत जाऊन बसलो. त्या खोलीत एका माणसाचीही जेमतेम सोय. मी वेळापत्रकाच्या पुठ्ठ्याला पाठ लावून उभा राहिलो आणि फोन टेबलावर उघडा ठेवला. आठ वाजता लागला. आपण रांगेत एक्केचाळिसावे आहात, असं यंत्रातली बाई म्हणाली. मावशीने कपाळाला आठी घातली. मला वाटलं, एक्केचाळीस ऐकून. आवाज बसल्यापासून जवळ ठेवलेली पाटी तिने ओढून घेतली आणि खडूने लिहिलं, "श्वास चुकीच्या जागी घेते ही."

इथे मावशीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरात तिचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. पण माईक समोर आला की तिची पाठ आपोआप ताठ होते, श्वास पोटात जातो आणि पंधरा-वीस सेकंद घशातून तोच जुना, धुतल्यासारखा स्वच्छ आवाज बाहेर पडतो. फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी, वगैरे. मग बटण बंद, आणि पुढची दहा मिनिटं नुसती हवा. त्यामुळे पाच आठवडे झाले तरी स्टँडवर कोणाला पत्ता नव्हता. तीही सांगत नव्हती. डेपोत रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं यंत्र आणायची चर्चा चाललेली होती, आणि भोंगा बिघडलाय ही बातमी त्या यंत्राला पायघड्या घालण्यासारखी झाली असती.

आम्ही एक्केचाळिसाचे तेवीस झालो, तेविसाचे नऊ. मध्ये तिने दोन गाड्या पुकारल्या. आठ बावीसला फोनवर जिवंत बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, काय त्रास आहे. मी फोन मावशीपुढे धरला.

मावशीची पाठ ताठ झाली. पुढे काय येणार ते मला तेव्हाच कळलं.

"गेले पाच आठवडे माझा आवाज बसलेला आहे," मावशी म्हणाली. एकेक अक्षर मोत्यासारखं. "कृपया नोंद घ्यावी."

मग त्या बाई म्हणाल्या, "अहो ताई, तुमचा आवाज तर माझ्यापेक्षा बरा आहे."

मावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिचे वीस सेकंद संपले होते. मी मध्ये पडलो, समजावलं, चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'लवकर पाहावे' असं लिहिलंय तेही सांगितलं. त्या म्हणाल्या की सगळ्याच चिठ्ठ्यांवर लवकर लिहिलेलं असतं, उशिरा पाहावे असं लिहिणारा डॉक्टर त्यांना अजून भेटायचा आहे. साधारण या रकान्यात नाव गेलं. तारीख मिळाली नऊ आठवड्यांनंतरची.

घरी आल्यावर मी तिच्यावर चिडलो. जरा खोकायचं तरी, म्हटलं. जसं घरी बोलतेस तसंच बोलायचं, तेवढंही जमू नये? तिने लिहिलं की ती जाणूनबुजून करत नाही, समोर काही धरलं की तसंच येतं. काका म्हणाले, उद्या परत लावा, आणि या वेळी तिला आडवी झोपवून बोलायला लावा, म्हणजे पाठ ताठ व्हायला नको. हे थट्टेत म्हणाले, पण आम्ही खरंच तसं केलं. सुट्टीच्या दिवशी, अंथरुणावर. दोन उशा, डोळे मिटलेले. अठरा मिनिटं वाट पाहिली. आणि बाईंनी हॅलो म्हणताच मावशी आडव्या आडव्या 'नमस्कार' अशी काही म्हणाली की शेजारच्या घरातल्यांना वाटलं असेल, गाडी आली.

मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दुसरी वाट सांगितली. तारीख मिळालेला पेशंट आला नाही तर त्याचा क्रमांक तीनदा पुकारतात, आणि तरी तो उभा राहिला नाही तर ती वेळ तिथे हजर असलेल्याला देतात. त्यासाठी खिडकीवर वेगळी यादी असते. नाव लिहायचं आणि दवाखाना उठेपर्यंत बसून राहायचं. आज यादीत जिथे असाल, उद्या तिथून पुढे.

त्या दिवसापासून मावशी दोनला काम संपवून थेट इस्पितळात जायची, आणि मी तिच्याबरोबर. लांबट हॉल, जमिनीला खिळलेल्या खुर्च्यांच्या रांगा, एकच खिडकी. समोरच्या भिंतीवर घशाचं मोठं चित्र होतं. चार दिवसांत मला ते इतकं पाठ झालं की परीक्षा दिली असती. मावशीला ते बघवत नव्हतं, म्हणून ती चित्राकडून तोंड फिरवून बसायची. पण स्वस्थ नाही. टाचा सारख्या जमिनीवर आपटायच्या. आम्ही यादीत सातवे होतो, मग पाचवे, मग पुन्हा पाचवेच, कारण त्या दिवशी सगळ्यांना वेळेवर यायची दुर्बुद्धी झाली.

तिचा खरा छळ करत होता तो क्रमांक पुकारणारा माणूस. मोठा सज्जन गृहस्थ. दाराशी उभा राहून हातातल्या फायलीला हळूच क्रमांक सांगायचा, जणू तो फायलीचाच आणि त्याचा खासगी मामला आहे. पहिल्या दोन रांगांच्या पुढे काही पोचायचं नाही. मावशी प्रत्येक पुकाऱ्याला खुर्चीत चुळबुळायची, हाताने हवेत 'वर, वर' करायची. मी म्हटलं, अगं, आपल्याला बरंच आहे की. कोणी ऐकलं नाही तर जागा आपली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चित्रातला घसा पुन्हा वाचायला घेतला.

सहाव्या दिवशी आम्ही यादीत पहिले होतो.

साडेचारला तो गृहस्थ दारात आला आणि फायलीला म्हणाला, एकशे बारा. कोणी उठलं नाही. जरा थांबून पुन्हा म्हणाला, एकशे बारा. खिडकीतल्या बाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली.

मावशी मात्र आमच्या डावीकडे बघत होती. दोन खुर्च्या सोडून एक म्हातारे गृहस्थ मान छातीवर टाकून झोपले होते. बोटांत चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर एकशे बारा. तिने ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू. अजून एक पुकारा, तोही फायलीला, आणि मग आपण आत. त्या म्हाताऱ्यांना काय, पुढची तारीख मिळेलच, असा विचार मी केला. पुढची तारीख किती लांबची असते हे माझ्याइतकं त्या हॉलमध्ये कोणाला माहीत नव्हतं, तरीही केला.

मावशी उभी राहिली. पाठ ताठ.

"क्रमांक एकशे बारा. क्रमांक एकशे बारा यांनी कृपया आत..."

इथवर आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत आला. अख्खा हॉल वळला. म्हातारे दचकून उठले, चिठ्ठी चाचपली. आणि 'यावे' म्हणताना तिचा आवाज फाटला. बसला नाही, घोगरा झाला नाही. जाडं कापड एका झटक्यात टरकावं तसा फाटला, आणि त्यानंतर तिचे ओठ हलत राहिले पण काही येईना. तिने गळ्याला हात लावला. मी तिला घट्ट धरून बसवलं. म्हातारे गृहस्थ घाईघाईने आमच्यासमोरून आत गेले. आभार वगैरे काही नाही, त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. दार लागलं.

त्या दिवसाची ती शेवटची वेळ होती. दवाखाना उठला. मी इतका संतापलो होतो की रिकामी पिशवी दोनदा खाली ठेवली आणि दोनदा उचलली.

खिडकीतल्या बाई बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्मा साखळीला अडकवलेला. मावशीसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "फोनवर तुम्हीच का? 'कृपया नोंद घ्यावी'?"

मावशीने मान हलवली.

बोला पाहू आता काहीतरी, असं त्या म्हणाल्या. मावशीने प्रयत्न केला. हवा आली. पुन्हा केला, पुन्हा हवा. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं की हे रोज असं होतं का, आणि मी या खेपेला एकही आठवडा न वाढवता सगळं सांगितलं. माईक, पंधरा सेकंद, अंथरूण, उशा. त्या हसल्या नाहीत. एवढ्या वर्षांत रडून तारीख मागणारे बघितले, ओरडून मागणारे बघितले, चांगलं बोलून तारीख घालवणारी ही पहिलीच, म्हणाल्या. मग आत गेल्या आणि उभ्या उभ्या काहीतरी टाइप केलं. साधारणच्या रकान्यातून नाव निघालं. परवा सकाळी, पहिला क्रमांक. आणि तोवर या बाईंनी माईकला हात लावला तर मी स्वतः येऊन तार तोडीन, असं मला बजावलं.

मावशीने बावीस वर्षांत पहिल्यांदा आजारपणाची रजा लिहून दिली. कारणाच्या ओळीत तिने खरं ते लिहिलं.

ठरलेल्या सकाळी घशाच्या डॉक्टरांनी तिच्या नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि पडद्यावर पाहत ती हळूहळू फिरवली. मला आत उभं राहू दिलं होतं. मग दुर्बीण काढून ते म्हणाले की डाव्या बाजूला गाठ आहे, वाटाण्यापेक्षा लहान. दिसायला वाईट दिसत नाही, पण दिसण्यावर ते जात नाहीत. काढायची आणि तपासायला पाठवायची. अकराव्या दिवशी. तोपर्यंत एक शब्द नाही, कुजबुज तर अजिबात नाही. नऊ आठवड्यांनी आला असतात तर मी एवढ्या सहज बोललो नसतो, हेही त्यांनी सांगितलं.

मावशीने चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं, "आवाज?"

"राहील," डॉक्टर म्हणाले. "पण हाच राहील, असं मी लिहून देणार नाही."

बाहेर येऊन आम्ही खुर्चीवर टेकलो. मी टपाल कचेरीत फोन लावला. काकांना गाठ सांगितली, वाटाणा सांगितला, अकरावा दिवस सांगितला. मग काका म्हणाले, "तिला दे."

तिला बोलायला बंदी आहे, मी म्हणालो.

"बोलायला कोण सांगतंय? नुसता कानाला लाव तिच्या."

मी फोन तिच्या कानाला लावला. या खेपेला तिची पाठ ताठ झाली नाही. भिंतीला डोकं टेकवून ती ऐकत राहिली. काका काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही, पण बरंच काही म्हणत होते. मावशी फोनला मान हलवून हो म्हणत होती, एकदा, दोनदा, मग सारखीच. तेवढ्यात दारातल्या गृहस्थाने फायलीला पुढचा क्रमांक सांगितला, आणि एक बाई येऊन आमच्यासमोर उभ्या राहिल्या, खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत.