गाण्याच्या तळाशी मावसाजी

मी सगळ्यात जास्त देणं लागतो ते माझ्या मावसाजींचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, आणि त्यांच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या बऱ्हाणपुरात झाला नाही. तापीपलीकडे जैनाबादेत माझे बाबा तसे होते, पण मावसाजींनी त्यांनाही हरवलं. बारावीनंतर मी केळीच्या बागेतच राबायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. मावसाजी आले आणि बांधावर बसले. ऊन चढलं, उतरलं. "पोराचं नाव कॉलेजात घाला, मग उठतो," एवढंच म्हणत राहिले. शेवटी बाबा ओरडले, "घेऊन जा त्याला, पण माझा बांध सोडा!" आमच्या घरातलं कोणी त्याआधी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

मग मी त्यांच्या बऱ्हाणपुरातल्या बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी राहायला गेलो. तरुणपणी मावसाजी मुंबईच्या स्टुडिओत बास गिटार वाजवत, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. संथ, हळुवार इंग्रजी गाण्यांचं त्यांना वेड. पण गायकाचं नाव काढलं की तोंड कडू करत. गाणं लिहिलं कोणी, मागे वाजवलं कोणी, हे कॅसेटच्या कागदावरच्या बारीक अक्षरांतून शोधून ते पाठ करत. मावशी म्हणायची, "माझ्या चुलतभावांची नावं यांना येत नाहीत, पण अमेरिकेतल्या ड्रमवाल्याचं आडनाव विचारा!"

एका गाजलेल्या हिंदी गाण्यात मावसाजींनी स्वतः बास वाजवली होती. कॅसेटवर नाव नव्हतं आणि ती कॅसेटही घरच्या टेपनं केव्हाच खाल्ली होती. गावात कोणी त्यांचं खरं मानत नसे. एकदा दाढी करताना न्हाव्याच्या मोबाइलवर तेच गाणं लागलं.

"मौसाजी, इसमें आप कहाँ हो?"

"नीचे."

"नीचे कहाँ?"

"जहाँ तेरा मोबाइल पहुँचता नहीं!"

दुकान हसलं. मावसाजी अर्ध्या गालावर फेस घेऊन उठले आणि खालचे सूर ऐकवेल असा धड स्पीकर शोधत बाजारभर फिरले. कुठे नुसती किरकिर, तर लग्नातल्या डीजेकडे नुसती धडधड. त्यात सूर कुठला? घरी आल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, "मी जायच्या आत एकानं तरी ऐकावं रे." तेवढा एकच दिवस मी त्यांना थकलेलं पाहिलं.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागलो. मावसाजी फोनवर बोलत नाहीत. त्यात माणसाचा अर्धाच आवाज येतो म्हणतात. म्हणून मी त्यांना पत्र पाठवलं, ते असं:

"तीर्थस्वरूप मावसाजींना शिरसाष्टांग नमस्कार.

पहिल्या पगारात चांगले हेडफोन घेतले आणि तुमचं गाणं लावलं. आधी काहीच कळलं नाही. पण मीही बांधावर बसायचं ठरवलं. गायकाला बाजूला सारून पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो. दुसऱ्या अंतऱ्यात तो श्वास घ्यायला थांबतो, तिथे तुम्ही एकटेच पुढे चालत राहता. तुम्ही नसता तर गाणं तिथेच खाली बसलं असतं. माझंही तसंच झालं असतं.

दिवाळीत हेडफोन घेऊन येतो. आधी मावशीच्या कानाला लावीन. तिनं आजवर काहीही न ऐकता तुमचं खरं मानलंय."