पाहुण्यापुढची शेगडी

अर्जदार: विज्दान, राहणार अजलून, वय एकोणसाठ. व्यवसाय: गृहिणी. पशुधन: निरंक. परसात प्लास्टिकच्या छपराखाली टाकीत साठ तिलापिया मासे असून त्याच पाण्यावर पुदिना वाढतो. त्यासाठी अनुदानाच्या फॉर्मात रकाना नाही.

जानेवारीत बर्फ पडला आणि सकाळीच वीज गेली. टाकीत हवा सोडणारा पंप थांबला. विज्दान तांब्याने पाणी उपसून वरून ओतत राहिली, तेवढीच माशांना हवा. पाणी अकरा अंशांवर आलं. दहाच्या खाली मासे मरतात. रॉकेलची शेगडी घरात एकच, आणि तिच्यापुढे पाहुणे आलेले थोरले दीर अबू राकान. पाहुण्यापुढची शेगडी उचलणं म्हणजे त्याला हाकलणंच.

ती आत गेली. “भाऊजी, कॉफी परसात देऊ?”

“या बर्फात? माशांनी आमंत्रण दिलंय वाटतं!”

“त्यांना एकट्याने करमत नाही.”

अबू राकान तिच्या निळ्या पडलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग उठले. “धर शेगडी एका बाजूने. आणि माझी उशी विसरू नकोस.”

कॉफी पुरे झाली की पाहुणा रिकामा कप हलवतो. वीज येईपर्यंत त्यांनी कप हलवला नाही.

साठही मासे जिवंत होते.