पोपटरावांच्या वायरी

वर्तकनगरातल्या त्या सोसायटीत कुणाच्याही घरचा मीटरबोर्ड उघडून बघावा. आत वायरी सरळ रेषेत, एकमेकींना चिकटून, ठरावीक अंतरावर बांधलेल्या दिसल्या, की हे काम पोपटरावांचं हे सांगायला नको. पोपटराव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेल जोडायचे. उभं आयुष्य त्यातच गेलं. पॅनेलचं दार उघडल्यावर आतलं वायरिंग भांग पाडल्यासारखं दिसलं पाहिजे, हा त्यांचा नियम. एखादी वायर वाकडी गेली की ती कापून नवी टाकायची. तिथले पोरगे म्हणायचे, "पोपटरावांच्या पॅनेलमध्ये करंटसुद्धा रांगेत जातो."

निवृत्तीनंतर हा नियम घरात शिरला. दोरीवर कपडे उंचीप्रमाणे वाळायचे. डब्यांची झाकणं एकाच दिशेला. हौसाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, टिटवाळ्याजवळच्या शेतकरी घरातल्या. त्यांना या शिस्तीचा भारी वैताग. "तुमच्या हातात असतं ना, तर माझ्या कढीपत्त्याची पानंसुद्धा ओळीत लावली असतीत," त्या म्हणायच्या.

"लावता आली असती तर बरंच झालं असतं," पोपटराव गंभीरपणे म्हणायचे.

या माणसाच्या शिस्तीत न बसणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असलेली जुनी, पिस्ता रंगाची फियाट. ती कारखान्याच्या मालकांची. लेकीच्या, शिवानीच्या वेळी हौसाबाईंना अवेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा मालकांनी याच गाडीतून त्यांना दवाखान्यात पोचवलं होतं. पुढे कारखाना बंद झाला, गाडी शेडमध्ये धूळ खात पडली, आणि मालक म्हणाले, "पोपट, भंगारात देण्यापेक्षा तू ने." पोपटरावांनी नेली. कागदपत्रं केली, रंग दिला, सीटांना कव्हरं शिवली. फक्त ती चालवायला मुहूर्त लागत नव्हता. चालायची, पण रडतरखडत.

यंदाच्या वार्षिक सभेत विषय निघाला. इमारत नवी झाली तेव्हापासून गाड्या वाढल्या आणि जागा तेवढीच. सेक्रेटरी साईनाथ तसा मनाने बरा, पण सभेत माईक हातात आला की वेगळाच माणूस व्हायचा. त्याने ठराव वाचला: येत्या रविवारी सकाळी प्रत्येक गाडीने स्वतःच्या ताकदीवर तळघराचा चढ चढून गेटपाशी यायचं. जी येणार नाही, तिची जागा दुसऱ्याला.

"काका, तुमच्याबद्दल नाहीये हे," तो नंतर जिन्यात म्हणाला. "पण नियम म्हणजे नियम. तुम्हीच तर शिकवता आम्हाला."

तो चढच तर गाडीला चढवत नव्हता. सपाटीवर ठीक, चढ लागला की गचके, धक्के, मध्येच फटाका फुटल्यासारखा आवाज. मेकॅनिकने बघून सांगितलं की इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या वायरी गेल्यात, सालं तडकलीयेत. वायरी म्हटल्यावर पोपटरावांना धीर आला. हा तर आपला प्रांत.

दुसऱ्या दिवशी ते कल्याणला गेले. तिथे धम्मपालचं जुन्या गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान. दोघांची ओळख कारखान्यापासूनची. तेव्हा धम्मपाल मालकांच्या गाड्या सांभाळायचा.

"जय भीम, शेठ."

"जय भीम, पोपटराव. या. आज कुठला स्क्रू रांगेतून बाहेर आला?"

पोपटरावांनी काम सांगितलं. धम्मपालने दोन प्रकारच्या वायरी समोर ठेवल्या. एक जाड, मऊ रबराची, हातात घेतली तर करंगळीएवढी. दुसरी बारीक, टणक, चकचकीत काळी. आत दोन्हीकडे तांबंच.

"ही जाड घ्या. हिच्यातून करंट बाहेर डोकावत नाही," धम्मपाल म्हणाला. "घरातल्या वायरीसारखं नसतं हे. हजारो व्होल्ट उड्या मारत जातात."

पोपटरावांनी दोन्ही वायरी वाकवून बघितल्या. जाड वायर हट्टी होती, वाकवली तशी राहत नव्हती. बारीक कशी अगदी काटकोनात बसत होती.

"ही बारीक दे."

"ऐका माझं."

"वायर मला शिकवू नकोस रे."

धम्मपाल हसला आणि बारीक वायर मोजून दिली. वर एवढंच म्हणाला, "बरं. पण निदान तीन नंबरची आणि चार नंबरची शेजारी बांधू नका. त्यांच्या ठिणग्या एकामागोमाग एक पडतात. मोकळ्या ठेवा, आणि गरम पाइपापासून लांब."

पोपटरावांनी मान हलवली. ऐकलं, आणि कानाआड केलं.

शनिवारी दुपारी ते तळघरात उतरले आणि आधी सगळी हत्यारं फडक्यावर ओळीने मांडली. चारही वायरी एका मापाने वळवल्या, एकत्र घेतल्या, इंजिनाच्या कडेने सरळ नेल्या आणि ठरावीक अंतरावर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधल्या. प्रत्येक वायर आपापल्या प्लगपाशीच तेवढी जुडग्यातून बाहेर येत होती. चहा घेऊन आलेल्या हौसाबाई बघत राहिल्या.

"दिसतंय मात्र छान," त्यांनी कबूल केलं. "शिवानीची वेणी घातल्यासारखं."

पोपटराव खूश झाले. हौसाबाईंना शेजारी बसवून चावी फिरवली. इंजिन लागलं. पहिला गिअर टाकून चढाकडे निघाले. अर्ध्यावर गेले आणि गाडीने असा गचका दिला की हौसाबाईंच्या हातातला रिकामा कप निसटता निसटता राहिला. फट्. पुन्हा फट्. गाडी मागे सरकू लागली. ब्रेक दाबून त्यांनी ती हळूहळू परत जागेवर आणली. आधीपेक्षा वाईट झालं होतं.

त्यांनी इंजिन बंद करून सगळं तपासलं. जोड घट्ट, क्रम बरोबर. कुठेच चूक नाही. इंजिन परत चालू करून पोपटराव उघड्या बोनेटशेजारी गाडीला टेकून उभे राहिले. हौसाबाईंनी त्यांना असं उभं फार कमी वेळा बघितलं होतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "नाही चढली तर नाही चढली. शिवानी काय गाडीमुळे थोडीच झाली."

"गाडी नसती तर तू वाचली नसतीस, असं डॉक्टर बोललेला."

हे हौसाबाईंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळ झाली होती. तळघरातले दिवे माणूस हलला तरच लागायचे. दोघंही निश्चल उभी, त्यामुळे ते विझले. इंजिन चालूच होतं. पोपटराव ते बंद करायला हलणार, तेवढ्यात अंधारात त्या सुबक जुडग्यावरून एक बारीकशी निळी ठिणगी तिसऱ्या वायरीवरून चौथीवर उडी मारून गेली. मग आणखी एक. जिथे जिथे पट्टी आवळली होती, तिथे तिथे निळं चमकत होतं.

"अगं, हलू नकोस," ते हळूच म्हणाले. "हे बघ."

"अगंबाई. काजवे."

"काजवे नव्हे. मी." पोपटराव जागचे न हलता म्हणाले. "मीच बांधल्या त्या इतक्या जवळ. एकीचा करंट दुसरीत चाललाय."

ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या हातून इतकं देखणं आणि इतकं चुकलेलं काम कधी झालं नव्हतं.

त्यांनी धम्मपालला फोन लावला आणि वेणीची सगळी हकीकत सांगितली. "जाड वायर तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलीय," तो म्हणाला. "सान्वी आत्ता तिकडेच निघालीय, तिच्याकडे देतो. सुनेच्या हातून आली की तुम्ही नाही म्हणणार नाही." सान्वी म्हणजे त्याची सून. ती तासाभराने येऊन पिशवी देऊन गेली आणि सासऱ्यांचा निरोपही: "वेणी घालू नका म्हणालेत."

नवं काम पोपटरावांना जड गेलं. प्रत्येक वायर वेगळ्या लांबीची कापायची. एकीला वर उचलून न्यायची, दुसरीला फिरवून. दोन ओलांडाव्याच लागल्या तर एकमेकींवर आडव्या, समांतर नाही. त्यांचा हात सवयीने वायरी जवळ ओढायचा आणि ते तो मागे घ्यायचे. मध्ये अंतर राहायला काहीतरी हवं होतं. हौसाबाई वर गेल्या आणि झाडांना पाणी घालायच्या हिरव्या पाइपाचा तुकडा घेऊन आल्या.

"कढीपत्त्याचा पाइप कापलास?"

"टोकाला फाटलाच होता. घ्या आता."

त्यांनी पाइपाचे तुकडे चिरून वायरींवर चढवले. काळ्या वायरी, मध्ये हिरवी कडी, आणि एकही रेषा सरळ नाही.

रविवारी गेटपाशी बरीच माणसं जमली होती. पोपटराव खाली गाडीत बसले, शेजारी हौसाबाई नवी साडी नेसून. पहिला गिअर. गाडी चढाला लागली. अर्धा चढ आला तसं पोपटरावांनी स्टिअरिंग आवळलं. इंजिन एका सुरात घुमत राहिलं, आणि उजेडात येऊन गाडी गेटपाशी शांतपणे थांबली.

"मानलं काका," साईनाथ म्हणाला. "बोनेट उघडा की, फोटो घेतो."

बोनेट उघडलं. साईनाथने आत डोकावून बघितलं, मग पोपटरावांकडे. त्याच्या घरचा मीटरबोर्डही त्यांनीच केला होता.

"हे वायरिंग कुणाकडून करून घेतलंत? तुमच्या हातचं वाटत नाही."

"माझ्याच हातचं आहे," पोपटराव म्हणाले.

साईनाथ फोटो घेऊन पुढच्या गाडीकडे गेला. पोपटराव बोनेट लावायला वाकले आणि थांबले. दुसरी वायर जरा जास्तच वर उचललेली दिसत होती. किंचित खाली, तिसरीच्या बाजूला सरकवली, तर किती नीट दिसेल. त्यांचा हात पुढे गेला.

गाडीतून हॉर्न वाजला. एक लांबलचक, खणखणीत हॉर्न. त्यांनी बोनेटच्या कडेने आत बघितलं. काचेपलीकडे हौसाबाई एक हात हॉर्नवर ठेवून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"टेंभी नाक्यापर्यंत जाऊन येऊ," त्या खिडकीतून म्हणाल्या. "आता नेसलेच आहे साडी तर."

पोपटरावांनी हात मागे घेतला आणि बोनेट लावलं.