दादाने निवडलेला पंखा

आमचं विमान तारेवरचं. त्याला रिमोट नसतो. मैदानाच्या मधोमध हँडल धरून उभं राहायचं, हँडलपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा. विमान आपल्याभोवती घिरट्या घालतं आणि आपणही त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरत राहतो. एकदा उडालं की टाकीतलं इंधन संपेपर्यंत ते थांबवता येत नाही.

मी आणि माझा थोरला भाऊ रविवारी सकाळी चारकोपच्या मैदानात जायचो. हँडल दादाकडे, विमान धरून बसायचं काम माझ्याकडे. त्याने मान हलवली की मी सोडायचं. लहानपणापासून हेच. दादा बँकेतून निवृत्त झाला, माझी पन्नाशी उलटली, तरी कामाची वाटणी बदलली नाही.

गेल्या वर्षी दादाने इंजिनाची सगळी मांडणीच बदलली. लांब, जड सायलेन्सर बसवला आणि पुढे अकरा-चारचा पंखा. अकरा इंच लांबी. आणि चार म्हणजे एका फेरीत तो हवेत जेमतेम चार इंच पुढे सरकणार. एवढा मोठा पंखा इंजिनाला पळू देत नाही आणि पुढे सरकण्याचं इतकं कमी अंतर, म्हणजे पिच, विमानाला पळू देत नाही. उरलासुरला जोर सायलेन्सरने खाल्ला. विमानाचं नाक जड झालं, वर चढताना तारा सैल पडायला लागल्या.

"दादा, हे विमान आहे की रिक्षा?"

"रिक्षाच बरी. समोरच्या बिल्डिंगला शब्द दिलाय मी, आवाज होणार नाही म्हणून."

समोरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू गॅलरीतून ओरडायच्या, हे खरं होतं. "अहो, रविवारी तरी झोपू द्या ना! घरातले मिक्सर काय कमी आहेत?" म्हणून मला दादाचं पटलं. पण आवडलं नाही. एके काळी तो डोक्यावर आठाचा आकडा काढायचा आणि मैदानातली क्रिकेटवाली मंडळी खेळ थांबवून बघायची. आता विमान घाण्याच्या बैलासारखं गोल गोल. मला वाटलं, निवृत्ती यानं फारच मनाला लावून घेतली.

म्हणून या थंडीत त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी त्याच्या पेटीतून इंजिन काढलं. छोटा, हलका सायलेन्सर बसवला, पुढे नऊ-सहाचा पंखा. एवढ्यावर थांबलो नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये मिठाईचा पुडा घेऊन गेलो. काकू हसून म्हणाल्या, "एका दिवसाचं काय एवढं! उडवा."

दुसऱ्या दिवशी मैदानात दादाने पंख्यावरून बोट फिरवलं.

"हे काय रे?"

"तुझं गिफ्ट. आणि काकूंची परवानगी काढून आलोय. आता बोल!"

त्याने हँडल उचललं. मग म्हणाला, "बरं."

त्या "बरं"वर मी तेव्हा थांबायला हवं होतं.

इंजिन किंचाळत सुरू झालं. दादाने मान हलवली, मी सोडलं. विमान असं सुटलं की मी आनंदाने ओरडलोच. तारा ताठ, जुना वेग, जुना आवाज. दादा मधोमध भराभर फिरत होता. लांबून मला वाटलं, तो हसतोय. मी टाळ्या वाजवल्या. "आठ काढ, दादा, आठ!"

त्याने आठ काढला नाही. त्याचे पाय एकमेकांत अडकायला लागले. मग तो गुडघ्यावर आला, हात तसाच वर धरून. मग खाली बसला. तारा सैल पडल्या आणि विमान नाकावर मातीत गेलं.

मी धावलो. त्याचे डोळे घट्ट मिटलेले, पंजे जमिनीवर टेकलेले, जणू जमीनच कुठे निघून चालली होती.

"वाऱ्याने गेलं रे," तो म्हणाला.

वारा नव्हता.

घरी तो आडवा झाल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "भावजी, ह्यांना वर्षभर चक्कर येते. कानातला दोष आहे, डॉक्टर म्हणाले. सावकाश फिरलं तर चालतं म्हणून तो मोठा पंखा शोधून काढला ह्यांनी. तुम्हाला सांगू नको म्हणाले. धाकट्याला कळलं तर हँडल काढून घेईल."

समोरच्या बिल्डिंगला दिलेला शब्द त्याने आडोशाला धरला होता, आणि मी मिठाई देऊन तो आडोसाच काढून घेतला.

विमान मी दुरुस्त केलं. लांब सायलेन्सर, अकरा-चारचा पंखा, सगळं पुन्हा त्याने बसवलं होतं तसं. गेल्या रविवारी खूप आग्रह करून दादाला मैदानात घेऊन गेलो आणि हँडल त्याच्यापुढे केलं.

"धर ना. अगदी सावकाश आहे."

"कळलं मला." त्याने हात पाठीमागे बांधले. "तू उडव. मी सोडतो."

त्याने गुडघ्यावर बसून इंजिन सुरू केलं आणि विमान धरलं. मी मधोमध जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मान हलवण्याची तो वाट बघत होता. मला ती हलवता येईना. शेवटी तोच तिकडून ओरडला, "अरे, हलव ना मान! इंधन जळतंय!"